विश्लेषण : ‘डॉट जेपीजी’ म्हणजे छायाचित्रच, हे संगणकाला कोण सांगते? फाइलच्या नावावर किती भरवसा ठेवावा?

एका संगणकावर नीट चालणारे संकेतस्थळ सहकाऱ्याच्या विंडोज संगणकावर उघडले, की पान कोरे दिसते. बटणे दाबून काही होत नाही, याद्या उघडत नाहीत. प्रोग्रॅममध्ये मात्र एका अक्षराचाही फरक नसतो. पायथन भाषेत काम करणाऱ्या अनेकांनी हा प्रकार अनुभवला आहे. दोष निघतो तो एका साध्या तक्त्यात. नावाच्या शेवटी कोणते एक्स्टेन्शन असेल तर फाइल कोणत्या प्रकारची मानायची, हे सांगणारा हा तक्ता आहे.

मीडिया टाइप म्हणजे काय?

ब्राउझरने फाइल मागितली, की सर्व्हर फाइलसोबत तिचा प्रकार सांगणारी एक ओळही पाठवतो. ‘इमेज/जेपीईजी’, ‘टेक्स्ट/एचटीएमएल’, ‘अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ’ अशी तिची धाटणी असते. तिरप्या रेघेआधी मुख्य वर्ग, नंतर नेमका प्रकार. हाच मीडिया टाइप. त्याचे जुने आणि अजूनही रुळलेले नाव ‘माइम टाइप’.

ही पद्धत वेबसाठी नव्हे, ईमेलसाठी जन्माला आली. सुरुवातीच्या ईमेलमधून फक्त साधा इंग्रजी मजकूर जात असे. नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी त्यावर तोडगा म्हणून ‘माइम’ची रचना केली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायकमंडळींचे छायाचित्र आणि गाणे ईमेलला जोडून पाठवले. त्याच वर्षी जूनमध्ये या पद्धतीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. मजकूर कोणत्या लिपीसंचात आहे हे सांगण्याची सोयही त्यात होती. मराठी ईमेल समोरच्याला देवनागरीतच दिसतो, त्यामागे ही सोय आहे.

मग एक्स्टेन्शनचा संबंध कुठे येतो?

मीडिया टाइपची अधिकृत नोंद ‘इंटरनेट असाइन्ड नंबर्स अथॉरिटी’ ही संस्था ठेवते. एक्स्टेन्शनचे वाटप मात्र कोणीच करत नाही. मीडिया टाइपच्या नोंदणी अर्जात एक्स्टेन्शनला जागा असते, पण ती पूरक माहिती म्हणून. तेच एक्स्टेन्शन दुसऱ्या कोणी वापरू नये, असा नियम नाही.

दुसरीकडे, डिस्कवरच्या फाइलजवळ बहुतेक वेळा तिचा मीडिया टाइप लिहून ठेवलेला नसतो. असते ते फक्त नाव. म्हणून जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत नावावरून प्रकार काढणारी लायब्ररी असते. पायथनमध्ये तिचे नाव ‘माइमटाइप्स’. तिच्यातील मुख्य फंक्शनचे नाव आहे ‘गेस टाइप’, म्हणजे प्रकाराचा अंदाज. नाव ठेवणाऱ्याने प्रामाणिकपणा दाखवला आहे. हे फंक्शन फाइल उघडूनही पाहत नाही. ती अस्तित्वात नसली तरी उत्तर देते.

उत्तरात दोन गोष्टी येतात. ‘डॉट टार डॉट जीझेड’ने संपणारे नाव दिले, तर प्रकार ‘टार’ आणि त्यावरचे आवरण ‘जीझिप’ असे वेगवेगळे सांगितले जाते. या दुसऱ्या भागाला लायब्ररीत ‘एन्कोडिंग’ म्हणतात आणि नवशिके हमखास फसतात. लिपीसंचाशी त्याचा संबंध नाही. मराठी मजकुराची फाइल ‘टेक्स्ट/प्लेन’ आहे एवढे लायब्ररी सांगेल, ती ‘यूटीएफ-८’ आहे हे सांगणार नाही. सर्व्हरनेही ते कळवले नाही, तर ब्राउझरला तर्क करावा लागतो आणि तो चुकला की देवनागरीच्या जागी अनोळखी चिन्हांचा खच पडतो.

एकच प्रोग्रॅम दोन संगणकांवर वेगळा का वागतो?

कारण तक्ता एकच नाही. पायथनमध्ये अंगभूत तक्ता आहेच. त्याशिवाय लिनक्सवर ही लायब्ररी ‘माइम डॉट टाइप्स’सारख्या ठरावीक ठिकाणच्या फाइली वाचते आणि विंडोजवर थेट रजिस्ट्रीतील नोंदी उचलते. बाहेरून आलेली नोंद अंगभूत नोंदीवर मात करते. आता रजिस्ट्रीत कोणतेही सॉफ्टवेअर लिहू शकते. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमने ‘डॉट जेएस’पुढे ‘टेक्स्ट/प्लेन’ असे लिहून ठेवले, की त्या संगणकावरचा पायथन सर्व्हर जावास्क्रिप्टची फाइल साधा मजकूर म्हणून पाठवू लागतो.

पूर्वी ब्राउझर अशा चुका पोटात घालत असत. सर्व्हर काहीही म्हणो, फाइलची पहिली काही अक्षरे हुंगून ते स्वतःच प्रकार ठरवत. ही उदारता धोक्याची ठरली. छायाचित्र म्हणून चढवलेल्या फाइलमध्ये वेबपानाचा मजकूर दडवला, तर ब्राउझर तो पान समजून चालवू शकत होता. त्यावर मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८ मध्ये ‘नोस्निफ’ ही सूचना आणली. ‘हुंगू नकोस, सर्व्हर सांगतो तेच मान’ असा तिचा अर्थ. पायथनमधील जँगो या लोकप्रिय फ्रेमवर्कने डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सूचना आपोआप पाठवायला सुरुवात केली. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्यच, पण त्यानंतर रजिस्ट्रीतील चुकीची नोंद झाकली जाईना. स्क्रिप्ट नाकारली जाते आणि पान कोरे राहते.

क्लाउडवर याच्या उलट घडते. तिथे वापरल्या जाणाऱ्या आटोपशीर लिनक्स प्रतिमांत ‘माइम डॉट टाइप्स’ ही फाइल अनेकदा नसते. लॅपटॉपवर ओळखले जाणारे एक्स्टेन्शन तिथे अनोळखी ठरते, सर्व्हर ‘कसलीशी बायनरी फाइल’ एवढेच सांगतो आणि ब्राउझर ती दाखवण्याऐवजी डाउनलोड करतो.

उपाय काय?

प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच ‘अ‍ॅड टाइप’ने हवी ती जोडी स्वतः नोंदवणे हा सरळ उपाय. त्यासाठी एक ओळ पुरते. त्याहून बरे म्हणजे आपल्या कामापुरता तक्ता प्रोग्रॅमसोबतच ठेवणे आणि यंत्रावर विसंबून न राहणे. अर्थात तक्ता कोणताही घेतला तरी काही भांडणे मिटत नाहीत. ‘डॉट टीएस’ हे एक्स्टेन्शन व्हिडीओ प्रसारणात आधीपासून होते. २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट भाषा आली आणि तिनेही तेच घेतले. त्यामुळे जावास्क्रिप्टच्या प्रचलित ‘माइम’ लायब्ररीला टाइपस्क्रिप्टची फाइल दाखवली, तर ती व्हिडीओ असल्याचे उत्तर मिळते.

सामान्य वापरकर्त्याचा याच्याशी काय संबंध?

ऑनलाइन अर्जात ‘फक्त जेपीजी’ अशी अट असली, की अनेक जण फाइलचे नाव बदलून मोकळे होतात. आयफोन २०१७ पासून ‘एचईआयसी’ प्रकारात छायाचित्रे काढू शकतो. तसे छायाचित्र नाव बदलल्याने जेपीजी होत नाही. नुसते नाव तपासणारे संकेतस्थळ ते स्वीकारते, पण पुढे प्रवेशपत्रावर छायाचित्राची चौकट रिकामी राहू शकते. इथे चूक अर्जदाराइतकीच संकेतस्थळ बनवणाऱ्याचीही.

फसवणूक करणाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ विषाणू प्रेमपत्राच्या नावाने आला. नावाच्या शेवटी ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ होते, पण विंडोज ओळखीचे एक्स्टेन्शन लपवत असल्याने अनेकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. ही लपवाछपवी विंडोजमध्ये आजही मूळ सेटिंग म्हणून कायम आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या ‘डॉट एपीके’ फाइलींबाबत पोलिसांनी अलीकडे वारंवार सावध केले आहे. गंमत अशी, की इथे एक्स्टेन्शन खरेच सांगत असते : हे अ‍ॅप आहे, पत्रिका नव्हे. ते वाचले जात नाही, एवढेच.

फाइल आतून तपासता येत नाही का?

येते. पीएनजी, पीडीएफ, जेपीईजी अशा बहुतेक प्रकारांच्या सुरुवातीला ठरावीक खुणेचे बाइट असतात. लिनक्समधील ‘फाइल’ ही आज्ञा आणि तिच्यामागची ‘लिबमॅजिक’ लायब्ररी त्यावरूनच प्रकार सांगते. लोकांकडून फाइली घेणाऱ्या संकेतस्थळाने नावाबरोबर ही तपासणीही करायलाच हवी. तीही पुरेशी नसते. वर्डची ‘डॉक्स’ फाइल आणि अँड्रॉइडची ‘एपीके’ या दोन्ही मुळात झिपच आहेत. साध्या झिपसह तिन्हींची सुरुवात ‘पी’ आणि ‘के’ याच दोन अक्षरांनी होते. ती झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. त्यांतली पत्रिका कोणती आणि अ‍ॅप कोणते, हे ठरवायला झिपच्या आत कोणत्या फाइली आहेत ते पाहावे लागते.