रोवणीचा आठवडा आणि कढणाची वाटी

सडक अर्जुनी म्हटले की बाहेरच्या माणसाला मुंबई-कोलकाता महामार्ग आठवतो, नाहीतर नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. इथल्या घरांचे वर्ष मात्र धानाच्या बांधीवर मोजले जाते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी सुरू झाली की घरातली बाई पहाटे उठते, चहा घेते, शिदोरी बांधते आणि उजाडता उजाडता बांधीवर पोहोचते. दिवसभर चिखलात कंबरेतून वाकून काम, संध्याकाळी परत चूल. ‘जीवनशैली’ हा शब्द शहरातल्या जिमपुरता आहे असे तिला वाटले तर चूक तिची नाही. पण दवाखान्यात पावसाळ्यात येणाऱ्या कितीतरी तक्रारींचे मूळ याच दिनक्रमात असते.

पाण्यापासूनच पाहू. रोवणीवर जाणाऱ्या बाईने दिवसभरात किती पाणी प्यायले, असे विचारले तर उत्तर पुष्कळदा दोन-तीन पेले एवढेच येते. तहान लागत नाही असे नाही. बांधीजवळ लघवीला आडोसा नसतो, म्हणून पाणीच टाळायचे! मग लघवीची जळजळ, जंतुसंसर्ग, पुढे कधीतरी मुतखडा.

घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर हाच प्रश्न जास्त गंभीर होतो, आणि पूर्व विदर्भात अशी घरे थोडी नाहीत. या आजारात शरीराला ऑक्सिजन किंवा पाणी कमी पडले की तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखू लागतात. शिवाय अशा रुग्णाचे मूत्रपिंड निरोगी माणसासारखे पाणी राखून ठेवू शकत नाही. पाणी कमी प्यायले तरी लघवीवाटे ते जातच राहते. थंड पावसात भिजणे, अतिश्रम आणि कोरडा घसा ही तिन्ही कारणे रोवणीत एकाच दिवशी जुळून येतात. त्यामुळे घरातल्या कोणी, कोणत्या दिवशी, किती वेळ बांधीवर जायचे हे रविवारीच ठरवणे हा या घरांत उपचाराचाच भाग समजावा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. रोवणीच्या आधी, हातात वेळ असताना, ती करून घेतलेली बरी.

रक्तदाबाच्या गोळ्यांचेही असेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रियांना आणि २४ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब आहे. हंगामात गोळ्या संपतात, मजुरी बुडेल म्हणून कोणी आणायला जात नाही, आणि डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब बरा झाला असे समजले जाते. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच दुखवत नाही. थेट लकव्याच्या रूपाने समोर येतो. आठवडी बाजाराला निघताना पिशवीसोबत गोळ्यांचे पाकीटही पाहावे. आठ-दहाच उरल्या असतील, तर बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत होतो.

बाजाराचा बेतही थोडा डोळसपणे करता येतो. पालेभाज्या आणि सांभार पहिल्या दोन दिवसांत, बरबटी-वांगी त्यानंतर, कोहळे शेवटी. एवढे पाळले तरी आठवड्याच्या उत्तरार्धात नुसता भात आणि पातळ वरण खायची पाळी येत नाही.

आता सूप. दुकानातल्या पाकिटातले सूप म्हणजे बहुतांशी मक्याचे पीठ, मीठ आणि चव आणणारे पदार्थ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. लोणचे, पापड आणि त्यावर असे सूप, म्हणजे ही मर्यादा जेवणाआधीच संपली. आपल्याकडचे मुगाचे कढण त्याहून कितीतरी चांगले. मूठभर मूग, मुनग्याची कोवळी पाने, लसूण, जिरे, मीठ बेताचे. मुनग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. लिंबू मात्र भांडे उतरवल्यावर पिळावे, कारण क जीवनसत्त्व उकळण्यात नष्ट होते आणि भाजीतले लोह अंगी लागायला तेच मदत करते. त्यावर लगेच चहा घेतला तर चहातील टॅनिन पुन्हा लोह अडवते. तासाभराचे अंतर ठेवावे.

कढणाचे कौतुकही मापातच हवे. वीस ग्रॅम मुगातून जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम लागतात. म्हणून कढण हे जेवणाच्या जागी नव्हे, जेवणासोबत. हाड मोडले की पायाचे सूप पाजायची पद्धत आहे. प्यायला हरकत नाही, पण हाडातले कॅल्शियम त्या पाण्यात फारसे उतरत नाही. त्यापेक्षा तलावातली लहान मासळी काट्यासकट खाल्लेली बरी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र भाज्यांचे सूप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. भाजीतले पोटॅशियम पाण्यात उतरते आणि त्यांच्या शरीराबाहेर ते नीट पडत नाही.

सकाळचे कढण किंवा भात रात्रीपर्यंत चुलीशेजारी झाकून ठेवणे हीदेखील एक सवयच. दमट हवेत दोन तासांनंतर त्यात जंतू झपाट्याने वाढतात. भातातल्या काही जंतूंचे विष तर पुन्हा उकळूनही जात नाही. फ्रिज नसेल तर दोन वेळा थोडे थोडे शिजवणे हाच मार्ग. सरपण जास्त लागते, हे खरे.

आणि रोवणीच्या दिवसांत ताप आला, अंग मोडून आले, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर कढण पीत घरी बसून राहू नये. चिखलात काम करणाऱ्यांत लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते, गवत-झुडपांत वावरणाऱ्यांत स्क्रब टायफसची. दोन्हींवर औषध आहे. दवाखान्यात गेल्यावर मात्र आपण बांधीत काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण ओपीडीच्या गर्दीत ते विचारायचे राहून जाऊ शकते.