बॅटरीलाही ताप चढतो

घरच्या सौर यंत्रणेबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत बॅटरीला थंडीपासून जपा, अशी सूचना बहुधा असतेच. ती योग्यच आहे. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि तेवढ्याच बॅटरीतून कमी वीज मिळते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली, तर आत धातूचा थर साचून ती कायमची बिघडू शकते. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरली की तिच्यातले ॲसिड पाण्यासारखे पातळ होते आणि उणे १० अंशांच्या आसपास गोठून बॅटरी तडकू शकते. लेहमध्ये किंवा कॅनडात राहणाऱ्यांना ही काळजी घ्यावीच लागते.

देवगडात थंडी पडते ती आंब्याला मोहोर येण्यापुरती. आपल्या बॅटरीचे शत्रू वेगळे आहेत : ऊन, खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल.

बॅटरीला मानवणारे तापमान साधारण २५ अंश. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा, की तापमान सतत १० अंशांनी जास्त राहिले, तर तिचे आयुष्य निम्म्यावर येते. आपल्या शरीराला ताप आला की घाम येतो, शरीर स्वतःला निववते. बॅटरीकडे ती सोय नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलेली बॅटरी एप्रिल-मेमध्ये रोज तापत राहते. बाहेरून काही दिसत नाही. दिसते ते जूनमध्ये, लाइट गेल्यावर.

डॉक्टरने बॅटरीवर का लिहावे, त्याचे उत्तर इथेच आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे झाले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी दम्याच्या रुग्णाचा नेब्युलायझर, फ्रीजमधले इन्सुलिन आणि घरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांचा भार बॅटरीवर येतो. मात्र बॅटरी नसलेली, महावितरणच्या लाइनला जोडलेली सौर यंत्रणा लाइट गेल्यावर आपोआप बंद पडते. दुरुस्ती करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते.

आता साधा हिशेब करू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,८०० वॉट-तास वीज मावते. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणजे हाताशी ९०० उरले. त्यातले थोडे इन्व्हर्टरमध्ये खर्ची पडतात. कॉन्सन्ट्रेटरला साधारण ३५० वॉट लागतात. म्हणजे नवी बॅटरीसुद्धा जेमतेम दोन तास पुरेल. उन्हाने म्हातारी झालेली बॅटरी तासभरही टिकेल, याची खात्री नाही.

जागा कोणती?

उत्तरेची किंवा पूर्वेची सावलीची पडवी, चिऱ्याची भिंत आणि वर कौले, ही जागा उत्तम. बॅटरी थेट जमिनीवर न ठेवता ओट्यावर किंवा लाकडी फळीवर ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी आत आले तरी तिथवर पोहोचणार नाही. झडीचा पाऊस आणि समुद्राकडचा वारा अडेल असा आडोसा करा, पण पेटीत कोंडू नका. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो हलका असल्याने छताशी साचतो आणि हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून वरच्या बाजूला झरोका हवाच. जवळ देवाचा दिवा, चूल, विडी नको. लिथियम बॅटरीला हा वायूचा प्रश्न नसतो, तरी तीही झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या वाटेवर ठेवू नये. बॅटरी फुगली किंवा उग्र वास आला, तर तिला हात न लावता घरातल्यांना दूर करा आणि तंत्रज्ञाला बोलवा.

खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. ती तंत्रज्ञाकडून साफ करून घ्या आणि वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. पाण्याची पातळी महिन्यातून एकदा पाहा. घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचे पाणी किंवा ॲसिड नव्हे.

डोळ्यात ॲसिड उडाले तर

पाणी भरताना चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. तरीही थेंब उडालाच, तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा किमान २० मिनिटे धुवा. आधी धुणे, मग दवाखाना. सोडा, दूध, तूप, मध यांतले काहीही डोळ्यात घालू नका. यात घालवलेल्या दोन मिनिटांत बुबुळाचे जे नुकसान होते, ते पुढे भरून काढणे कठीण असते.

पाऊस सुरू होण्यापूर्वी एक काम करा. घरी लाइट असतानाच मेन स्विच बंद करून रुग्णाचे यंत्र बॅटरीवर चालवा आणि इन्व्हर्टरची सूचना वाजेपर्यंत किती मिनिटे गेली, ते घड्याळ लावून लिहून ठेवा. तो आकडा कमी असेल, तर भरलेला ऑक्सिजन सिलिंडर आणि तो जोडायचा रेग्युलेटर घरात हवा. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते, त्यासाठी ओल्या वाळूतले मातीचे मडके पुरते. ऑक्सिजनला मात्र असा पर्याय नाही.