अजान झाली, नमाज बाकी आहे

मुस्लिम घरात मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान दिली जाते. अजान म्हणजे नमाजची हाक. पण या अजाननंतर नमाज होत नाही. उलट जनाज्याच्या नमाजला अजान नसते. आमच्याकडची बुजुर्ग मंडळी या दोन गोष्टींची सांगड घालतात. जन्मताना कानात पडलेल्या अजानची नमाज ती, शेवटची. मशिदीत अजान झाल्यावर जमात उभी राहायला साधारण पंधरा-वीस मिनिटं लागतात. आयुष्य तेवढंच.

मला मात्र यातली दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. ती अजान बाळ स्वतः देत नाही आणि ती नमाज मेलेला माणूस स्वतः पढत नाही. दोन्ही वेळी दुसरं कुणीतरी लागतं. म्हणूनच जनाज्याची नमाज ‘फर्जे किफाया’ आहे. वस्तीतल्या काही जणांनी ती अदा केली की सर्वांची जबाबदारी उतरते. कुणीच केली नाही, तर सगळी वस्ती गुन्हेगार ठरते. रुकू नाही, सजदा नाही, उभ्यानं चार तकबिरी. पाच मिनिटांचं काम. जनाजा बाजारातून निघाला की गल्ला सोडून चार पावलं खांदा द्यायला येणाऱ्यांत हिंदू दुकानदारही असतात. आपल्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नाही, हे बरंच आहे.

२०२० चा रमजान टाळेबंदीत आला. मशिदी बंद, तरावीह घरात, आणि खांदा द्यायलाही माणसं मिळेनात. त्या महिन्यात इचलकरंजी या यंत्रमागांच्या शहरातल्या मुस्लिमांनी जकातीतून ३६ लाख रुपये दिले आणि तिथल्या आयजीएम या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. ईदच्या दिवशी, २५ मे रोजी, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे त्याचं उद्घाटन केलं.

जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेतला शेकडा अडीच हिस्सा. ती अशा कामाला द्यावी का, यावर उलेमांत मतभेद आहेत. कुरआनात जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत आणि त्यांत पहिलं नाव गरिबांचं आहे. सरकारी दवाखान्याच्या खाटेवर पडतो तो बहुधा गरीबच, एवढं मी म्हणेन.

फितऱ्याबाबत असा वाद नाही. घरातल्या माणसांमागे तो ईदच्या नमाजआधी द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही ईद होते. ईदची पहाट उजाडण्याआधी जन्मलेल्या तान्ह्या बाळाच्या वाट्याचा फितरा बाप देतो. हनफी पद्धतीत अर्धा साअ गहू, नाहीतर तेवढ्या गव्हाची किंमत. यंदाचा दर मशिदीत विचारून घ्यावा.