माडीवरची वेधशाळा

१९१८ साली नॉर्वेत धान्य रेशनवर आलं. पहिल्या महायुद्धात हा देश तटस्थ होता, पण धान्य बाहेरून यायचं आणि समुद्र लढणाऱ्यांच्या ताब्यात होता. शेतात जे उभं होतं त्यातलं काहीही वाया जाऊ देणं परवडणार नव्हतं. कापणी कधी करायची आणि गवत कधी वाळत घालायचं हे शेतकऱ्याला आधी सांगायला हवं होतं. अडचण अशी की सांगणाऱ्यांचे डोळेच बांधले गेले होते. ब्रिटनसह लढणाऱ्या देशांनी हवामानाच्या नोंदी लष्करी गुपित ठरवल्या आणि पश्चिमेकडून येणाऱ्या तारा बंद पडल्या. नॉर्वेचं हवामान तर पश्चिमेकडूनच येतं.

या कोंडीतून वाट काढली ती विल्हेल्म ब्यर्कनेस या भौतिकशास्त्रज्ञाने. १९०४ साली त्याने एका जर्मन नियतकालिकात मांडलं होतं, की हवेची आत्ताची स्थिती नीट ठाऊक असेल आणि एका स्थितीतून दुसरी कशी निघते याचे नियम ठाऊक असतील, तर उद्याची हवा गणिताने काढता येईल. दाब, तापमान, घनता, आर्द्रता आणि वाऱ्याच्या वेगाचे तीन घटक, ही सात अज्ञातं सोडवायची. आजचे बहुतेक संगणकी अंदाज याच कल्पनेवर उभे आहेत. पण १९०४ साली हे गणित हाताने सोडवायचं, तर सोडवून होईपर्यंत ते वादळ येऊन, छपरं उडवून निघूनही गेलं असतं. ब्यर्कनेस पुढे लाइपझिगच्या भूभौतिकी संस्थेत गेला. तिथे युद्धाने त्याचे मदतनीस एकेक करून ओढून नेले, त्यातला एक व्हर्दाँच्या रणांगणावर पडला. १९१७ साली तो मायदेशी परतला, पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गेन शहरात. तेव्हा त्याचं वय पंचावन्न होतं.

हा सिद्धान्तवाला माणूस मग चक्क सरकारदरबारी गेला आणि म्हणाला, शेतकऱ्यांना अंदाज देतो, मला निरीक्षणकेंद्रं द्या. समुद्रापलीकडची माहिती मिळत नसेल, तर आपल्याच किनाऱ्यावर इतकी दाट केंद्रं हवीत की येणारं वादळ पहिल्या पावलालाच सापडलं पाहिजे. केंद्रांची संख्या सुमारे दहापटीने वाढवली गेली. पाणबुड्यांवर नजर ठेवायला आरमाराने किनाऱ्यावर चौक्या उभारल्या होत्या, त्यांनाही कामाला लावलं. ब्यर्कनेस स्वतः किनाऱ्याने फिरला आणि दीपगृहांचे रखवालदार, कोळी, शेतकरी अशी माणसं त्याने गोळा केली. १ जुलै १९१८ रोजी पश्चिम नॉर्वेचं अंदाजाचं काम सुरू झालं. पुढे ते ब्यर्कनेस राहत असलेल्या घराच्या माडीवर थाटलं गेलं. खाली संसार आणि वर नकाशे.

माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान हे आहे. आधी सिद्धान्त झाला आणि मग तो किनाऱ्यावर लागू केला, असा क्रम इथे नाही. पोटाच्या गरजेपोटी दाट जाळं विणलं गेलं आणि त्या जाळ्यात सिद्धान्त सापडला.

तो सापडला याकोब ब्यर्कनेसला, म्हणजे विल्हेल्मच्या मुलाला. त्या उन्हाळ्यात तो वीस वर्षांचा होता. केंद्रं विरळ असताना कमी दाबाचं क्षेत्र म्हणजे नकाशावरची गोलाकार, गुळगुळीत वळणं, असंच सगळे काढत. दाट नोंदी आल्यावर याकोबला दिसलं, की या गोलात दोन धारदार रेषा आहेत आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे वारा आणि तापमान एकदम बदलतं. एका रेषेपाशी उबदार हवा थंड हवेवर हळूहळू चढते आणि लांबलचक संततधार पडते. दुसरीपाशी थंड हवा उबदार हवेखाली घुसते. मग जोरदार सरी, आडवातिडवा वारा आणि पाठोपाठ उघडीप. १९१९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा हा निबंध जेमतेम आठ पानांचा आहे. या रेषांना पुढे उष्ण आघाडी आणि शीत आघाडी म्हणू लागले. युद्ध नुकतंच संपलं होतं, तेव्हा हे नाव कुठून आलं ते सांगायला नको.

युद्धानंतर काम शेतकऱ्यांपुरतं न राहता मच्छीमारांसाठी वर्षभराचं झालं, आणि तिथे खरी परीक्षा लागली. आपल्याकडे शरद म्हणजे कोजागरीचं चांदणं आणि धुतल्यासारखं आकाश. नॉर्वेच्या किनाऱ्यावर याच महिन्यांत आभाळ फाटतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्राने उन्हाळ्याची ऊब धरून ठेवलेली असते आणि उत्तर ध्रुवाकडचा सूर्य मात्र झपाट्याने मावळतीला लागलेला असतो. उत्तर-दक्षिण तापमानातली ही दरी जितकी रुंदावते, तितकं वादळांना बळ मिळतं. त्यात अटलांटिकवरची उष्णकटिबंधीय चक्रीवादळं याच ऋतूत जोरात असतात. त्यांतली काही मेल्यावरही आपली वाफ ईशान्येकडे पाठवून देतात. बर्गेनच्या पाठीशी डोंगर आहेत. सह्याद्रीपुढे मोसमी वाऱ्याचं जे होतं तेच इथे नैर्ऋत्येच्या वाऱ्याचं होतं, आणि शहरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २९ ऑक्टोबर २००६ पासून तर तिथे सलग पंच्याऐंशी दिवस रोज पाऊस झाला.

अशाच शरदांनी माडीवरच्या तरुणांना शिकवलं. टोर बर्जेरॉन हा स्वीडिश तरुण नोव्हेंबर १९१९ मध्ये नकाशे चाळत असताना त्याच्या ध्यानात आलं, की शीत आघाडी उष्ण आघाडीला मागून गाठते आणि मधली उबदार हवा जमिनीवरून वर उचलली जाते. म्हणजे वादळाला बालपण, तारुण्य आणि म्हातारपण असतं. याकोब ब्यर्कनेस आणि हाल्व्होर सोल्बर्ग यांनी १९२२ साली हा जीवनक्रम पूर्ण मांडला. ध्रुवीय आणि उबदार हवेच्या सीमेवर वादळं एकामागून एक, कुटुंबासारखी जन्मतात, हेही त्यात आलं. पहिलं गेल्यावर दुसरं किती अंतराने येतंय हे कळणं म्हणजे मधल्या उघडिपीत जाळं टाकायचं की होडी बांधून ठेवायची, याचा निर्णय.

वरच्या थरातली हवा मोजायची साधनं त्यांच्यापाशी फारशी नव्हती. फुग्यातून रेडिओवर नोंदी पाठवणारी यंत्रं १९३०च्या सुमारास आली. तोवर ही मंडळी ढग वाचत. कुठले ढग, कुठल्या क्रमाने आणि किती उंचीवर, यावरून वर काय चाललंय ते ताडायचं. बर्जेरॉनचा या कामावर विलक्षण भर होता. कोळ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची नजर आणि विद्यापीठातलं भौतिकशास्त्र इथे एकाच टेबलावर बसलं.

तरीही समुद्रावर डोळा नव्हताच. वायव्येकडून घुसणाऱ्या थंड वाऱ्यांची वर्दी देईल असं मधे काही नव्हतं. १९२१ साली हागबार्ट एकेरॉल्ड या अभियंत्याच्या पुढाकाराने ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधल्या यान मायेन या ओसाड ज्वालामुखी बेटावर हवामानकेंद्र उभं राहिलं आणि तिथून बिनतारी संदेश येऊ लागले. पुढे, १९४८ पासून, ६६ अंश उत्तर अक्षांशावर भर समुद्रात एक जहाजच उभं करून ठेवायला सुरुवात झाली. काम एकच, हवा मोजणं. जहाजं बदलत गेली, त्यातल्या शेवटच्याचं नाव ‘पोलारफ्रंट’, म्हणजे बर्गेनचा सिद्धान्तच. उपग्रहांच्या जमान्यात त्याचा खर्च डोईजड झाला आणि २०१०च्या सुरुवातीला ते हटवलं गेलं.

बर्गेनची माणसं जगभर पांगली. कार्ल-गुस्ताफ रॉस्बीने अमेरिकेतल्या हवामानशास्त्राचा पाया घातला. स्वेर पेटरसन तीसच्या दशकात बर्गेनच्या कचेरीचा प्रमुख होता. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईसाठी आयझेनहॉवरला हवामानाचा सल्ला देणाऱ्या गटांत तो होता, आणि ५ जूनची मोहीम एक दिवस पुढे ढकलली गेली. आपल्याशी जोडलेला धागा मात्र याकोबचा. तो १९४० साली कॅलिफोर्नियात स्थिरावला. १९६९ साली त्याने दाखवलं, की पॅसिफिक महासागराचं तापणं, म्हणजे एल निनो, आणि तिथल्या हवेच्या दाबाचा झोका या दोन्ही एकाच घटनेच्या बाजू आहेत. दाबाचा तो झोका शोधला होता गिल्बर्ट वॉकरने, भारतीय वेधशाळांचा प्रमुख असताना, आपल्या मोसमी पावसाचं कोडं सोडवताना. पॅसिफिकवरच्या त्या हवेच्या चक्राला याकोबने वॉकरचंच नाव दिलं. मे महिन्यात मराठवाड्यातला शेतकरी एल निनोची बातमी ऐकतो, तिच्या मागे बर्गेनच्या माडीवरचा तो मुलगा आहे.

आणखी एक योगायोग. १९२८ साली बर्गेनच्या भूभौतिकी संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली आणि अंदाजाचं काम तिथे गेलं. त्याच वर्षी भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. शिवाजीनगरची ती इमारत आजही जुन्या पुणेकरांच्या तोंडी ‘सिमला ऑफिस’ आहे.

इतकं सगळं असूनही १४ सप्टेंबर २००५ रोजी बर्गेनने मार खाल्ला. मारिया आणि नेट या दोन अटलांटिक चक्रीवादळांच्या अवशेषांतून आलेली वाफ डोंगरांवर आदळली आणि चोवीस तासांत १५६.५ मिलिमीटर पाऊस झाला. हातलेस्ताद भागात दरड घरांवर कोसळली आणि तिघांचा जीव गेला. (पावसाची ही नोंद ज्या केंद्रावर झाली ते शहरातल्या ‘फ्लोरिडा’ नावाच्या भागात आहे, हा नियतीचा विनोद.) मराठी वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. पण कोणत्या उतारावर किती पाऊस म्हणजे धोका हे त्या-त्या मातीवर आणि वस्तीवर ठरतं, आणि प्रादेशिक अंदाजाचं काम इथेच सुरू होतं. ‘मुसळधार’ हा शब्द दोन किनाऱ्यांवर एकाच मापाचा नसतो. त्यानंतर काही वर्षांनी, २०१३ साली, नॉर्वेच्या जल व ऊर्जा संचालनालयाने दरडींसाठी वेगळी इशारा-सेवा सुरू केली.

उत्तरेकडे, ट्रॉम्सोच्या कचेरीपुढे वेगळंच संकट असतं. ऑक्टोबरपासून बर्फावरची गोठलेली हवा उघड्या, तुलनेने उबदार समुद्रावर उतरली, की काहीशे किलोमीटर रुंदीची छोटी पण जहाल वादळं काही तासांत तयार होतात आणि दीड-दोन दिवसांत विरूनही जातात. उपग्रह येईपर्यंत ती नकाशावर दिसतच नसत. होड्या परत आल्या नाहीत की कळायचं. आता अडीच किलोमीटरच्या जाळीचं संगणकी प्रारूप नॉर्वे आणि शेजारी देश मिळून चालवतात. तरीही ऑस्लो, बर्गेन आणि ट्रॉम्सो या तिन्ही ठिकाणी माणसं बसवलेली आहेत. १९९५ पासून अतितीव्र हवामानाला तिथे नाव देऊन आगाऊ इशारा दिला जातो.

नॉर्वेची हवामानसंस्था आणि तिथलं सरकारी प्रसारण मंडळ यांनी २००७ साली ‘यर’ ही सेवा सुरू केली. ती फुकट आहे आणि तिच्यावर रत्नागिरी किंवा मालवणचाही अंदाज दिसतो. अनेकजण तो पाहून गौरी-गणपतीचे बेत आखतात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: ती अडीच किलोमीटरची बारीक जाळी फक्त उत्तर युरोपापुरती आहे, आपल्यासाठी तिथे दिसतो तो जागतिक प्रारूपाचा ठोकळ आकडा. त्यात आपल्या खाडीतलं किंवा घाटातलं केंद्र ओळखणारा माणूस नाही. समुद्रात होडी घालायची असेल, तर मुंबई आणि पणजीच्या हवामान केंद्रांचा इशारा आधी पाहा.