बुजरे पिल्लू घरी आणताना

पावसाळा सुरू झाला की बदलापुरात दोन गोष्टी ठरलेल्या. उल्हास नदीचे पाणी चढू लागले की हेंद्रेपाड्यासारख्या सखल भागातल्या माणसांचा जीव टांगणीला लागतो. आणि गटाराच्या कडेला, उभ्या रिक्षाखाली, बंद दुकानाच्या फळीमागे मांजराची पिल्ले ओरडू लागतात. त्यातली बरीचशी कुणाच्या लक्षात येण्याआधीच मरतात. काही मात्र एखाद्या ताईच्या किंवा दादाच्या हाती लागतात. ही माणसे पिल्लाला स्वतःच्या घरात ठेवतात, त्याचे खाणेपिणे आणि औषधपाणी करतात आणि कायमचे घर मिळेपर्यंत त्याला सांभाळतात. अशा तात्पुरत्या सांभाळाला ‘फोस्टर’ म्हणतात.

मग पिल्लाचा फोटो मोबाइलवर फिरतो. आपली मुले हट्ट धरतात आणि पिल्लू घरी येते. आले की कॉटखाली शिरते ते बाहेरच येत नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी हात घालून त्याला ओढते. ते फिस्कारते, ओरबाडते, चावते. “हे रानटी आहे, माणसाळणार नाही,” असे ठरते आणि तिसऱ्या दिवशी पिल्लू मासळी बाजाराजवळ सोडले जाते. चावलेल्या बोटाला हळद लावून तो विषयही संपवला जातो. यात पिल्लाचे घर जाते आणि माणसाच्या जिवाला धोका राहतो. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. आरोग्याच्या पानावर मांजराचा विषय घेण्याचे कारण हेच.

पिल्लू बुजरे का असते?

जन्मानंतरच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकते. या काळात माणसाचा हात, आवाज आणि वास ओळखीचा झाला तर ते माणसाला घाबरत नाही. गटारात किंवा माळ्यावर वाढलेल्या पिल्लाला ही ओळखच झालेली नसते. त्यात ते आईपासून तुटलेले असते. मग फोस्टरच्या घरी जरा स्थिरावते न स्थिरावते तोच आपण त्याला तिसऱ्या जागी आणतो.

म्हणजे बुजरेपणा हा त्याचा स्वभावदोष नाही आणि कृतघ्नपणा तर नाहीच. ती भीती आहे. भीती बळजबरीने जात नाही. आपल्याला इजा होत नाही हा अनुभव रोज थोडा थोडा आला की ती कमी होते. यासाठी पैसा लागत नाही, पण दिवस लागतात. कुठल्या पिल्लाला आठवडा लागतो, कुठल्याला दोन-तीन महिने.

आणण्याआधी

फोटो पाहून ठरवू नये. फोस्टरच्या घरी दोन-तीन वेळा जाऊन बसावे. घरात कुणाला दमा असेल तर त्या व्यक्तीला सोबत न्यावे. तिथे शिंका, खोकला किंवा धाप सुरू झाली तर मांजर आपल्या घरासाठी नाही, हे आधीच कळते. घर भाड्याचे असेल तर मालकाला विचारून घ्यावे.

फोस्टर करणाऱ्या ताईला स्पष्ट विचारावे: पिल्लाचे वय किती? ते आठ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर थांबावे. ते काय खाते? शी-शूला कुठे जाते? जंताचे औषध कधी दिले? कोणत्या लसी झाल्या आणि कोणत्या बाकी आहेत? लसीचे कार्ड मागून घ्यावे. निघताना पिल्लू ज्यावर झोपते तो कपडा न धुता सोबत आणावा. नव्या घरात तेवढाच एक वास त्याच्या ओळखीचा असतो.

आणण्याचा दिवसही विचार करून निवडावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या, गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात पिल्लू आणू नये. डीजे आणि फटाक्यांनी ते इतके बिथरते की दार उघडे दिसताच पळते. आधीपासून घरात असलेल्या मांजरालाही जयंतीच्या रात्री दार-खिडकी लावून खोक्यात निवांत बसू द्यावे.

दहा बाय बाराच्या खोलीत जागा कुठे?

मांजराला वेगळी खोली द्यावी, असे पुस्तकी सल्ले असतात. आपल्या घरात माणसांनाच वेगळी खोली नसते. पण पिल्लाला खोली नको असते, लपायला जागा हवी असते. पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूने दार कापावे, आत जुनी सुती साडी घालावी आणि खोका कॉटखाली भिंतीला लावून ठेवावा. गॅसपासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून तो दूर असावा. एका बाजूला पाण्याची वाटी ठेवावी. शी-शूसाठी जुन्या घमेल्यात किंवा टबात रेती घालावी, पण ती खाण्याच्या जागेपासून लांब असावी. घाण रोज काढावी.

घरातल्या काही वस्तू मांजराला विषासारख्या आहेत. फिनेलने पुसलेल्या लादीवरून चालून पिल्लू पंजे चाटते आणि फिनेल पोटात जाते. पिल्लाच्या जागेत साबणाचे पाणी पुरते. पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते, त्यामुळे ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातली गोळी कधीही देऊ नये. कुत्र्याच्या गोचिडांची पावडर किंवा औषधही मांजराला लावू नये. उंदरांचे विष आणि चिकट पुठ्ठे काढून टाकावेत.

पहिले दिवस: हात आवरा

पहिले तीन दिवस त्याला पाहायला शेजाऱ्यांना बोलावू नये. खोक्यात हात घालू नये. खाणे-पाणी ठेवून बाजूला व्हावे. ते लपून बसले तरी आपली बोलणी, भांड्यांचा आवाज, कुकरची शिट्टी ऐकत असते आणि यात धोका नाही हे शिकत असते.

नंतर रोज ठरावीक वेळी खोक्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसावे. उभा माणूस पिल्लाला डोंगराएवढा दिसतो. त्याच्याकडे टक लावून पाहू नये. नजरानजर झाली तर डोळे सावकाश मिटावेत आणि सावकाश उघडावेत. मुलांना हे काम चांगले जमते. त्यांनी तिथे बसून शाळेचा धडा मोठ्याने वाचावा. पिल्लाला आवाजाची सवय होते आणि मुलाचा अभ्यासही होतो.

पुढचा टप्पा खाण्याचा. उकडलेल्या चिकनचा किंवा माशाचा तुकडा आधी दूर, मग जवळ, मग बोटावर ठेवावा. ते जवळ येऊन बोटाचा वास घेईल. तरीही लगेच उचलू नये. आधी गालाला किंवा हनुवटीखाली एका बोटाने खाजवावे. ते मागे सरले तर हात मागे घ्यावा. शेपटी उभी करून ते चालत आले, पायाला अंग घासले, की समजावे त्याने आपल्याला स्वीकारले. काही मांजरे शेवटपर्यंत मांडीवर बसत नाहीत, जवळ बसतात. तेवढेही पुरे मानावे.

कान मागे टेकलेले, अंग चोरलेले, फिस्कारणे, शेपटी आपटणे, या सगळ्याचा अर्थ ‘थांबा’ असा आहे. लहान मुलांना हा अर्थ आधी शिकवावा. चावण्याचे निम्मे प्रसंग तिथेच टळतात.

खाणे

मांजराला दूध हवेच, हा समज खरा नाही. गाई-म्हशीच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. मांजर मांसाहारी प्राणी आहे, नुसत्या दूध-भातावर किंवा पोळीवर ते नीट वाढत नाही. काटे काढलेली उकडलेली मासळी किंवा चिकन द्यावे, त्यात थोडा मऊ भात चालतो. मीठ, मसाला, कांदा आणि लसूण नको. सुकी मासळी खारट असते, ती देऊ नये. वाढत्या पिल्लाला नुसत्या चिकनमधून कॅल्शियम पुरेसे मिळत नाही, म्हणून परवडेल तेवढे पिल्लांचे तयार खाद्य मिसळावे. दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे.

घाबरलेले पिल्लू पहिल्या दिवशी कमी खाते. पण चोवीस तास काहीच खाल्ले नाही, उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा डोळे चिकटले, तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’, आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. झाकणाची बास्केट घरात कायम असावी. दवाखान्यात जायलाही ती लागते आणि नदीचे पाणी वाढून रातोरात घर सोडायची वेळ आली तर तेव्हाही.

रेबीजची लस पिल्लू साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात, पुढच्या तारखा डॉक्टर सांगतात. मादी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. म्हणून नसबंदी कधी करायची हे लसीच्या वेळीच विचारून ठेवावे. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात गटाराकडेची पिल्ले आपल्याच घरची असतील.

चावले किंवा ओरबाडले तर

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. रेबीज फक्त कुत्र्यापासून होत नाही, मांजरापासूनही होऊ शकतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतले तर तो टाळता येतो.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहावे. चुना, मिरची, हळद, तेल काहीही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही आपल्या भागातली सरकारी रुग्णालये. सरकारी रुग्णालयात रेबीजची लस मोफत असते. एका इंजेक्शनाने काम होत नाही. कातडीत देण्याच्या लसीचे वेळापत्रक पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ असे असते. मजुरी बुडते म्हणून मधली तारीख चुकवू नये. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते विचारून घ्यावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनाचेही विचारावे.

“एवढेसे तर पिल्लू आहे” म्हणून गप्प बसू नये. मुलांनी मार बसेल या भीतीने ओरखडा लपवू नये, असे वातावरण घरात हवे. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो. बोट सुजले, लाल झाले, ठणकू लागले तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

गरोदरपण आणि गजकर्ण

घरात सून गरोदर आहे म्हणून मांजर हाकलायची गरज नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी पसरू शकतो आणि तो पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. पण विष्ठेतला परजीवी संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घमेले रोज साफ करावे आणि ते काम गरोदर बाईने न करता घरातल्या दुसऱ्या कुणी, पुरुषांनीही, करावे. हाच परजीवी कच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, तिथेही काळजी घ्यावी.

पिल्लाच्या अंगावर केस गेलेला गोल चट्टा दिसला तर ते गजकर्ण असू शकते आणि ते माणसाला लागते. पिल्लाला पशुवैद्याकडे आणि माणसाला त्वचेच्या डॉक्टरकडे न्यावे. मेडिकलमधून विचारून आणलेल्या मलमात स्टेरॉइड असेल तर खाज थांबते, पण गजकर्ण आणखी पसरते. मांजराला हाताळल्यावर आणि जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

आपण आणि मुके जीव

कुणी म्हणेल, चवदार तळ्याचे पाणी गुराढोरांना चालत होते आणि आपल्याला नाही. आपण आता मांजराचे लाड करायचे का? प्रश्न रास्त आहे. पण १९२७ साली महाडला आपला लढा जनावरांशी नव्हता. माणसाला जनावराहून खाली ठरवणाऱ्या व्यवस्थेशी होता. राजगृहातला फेब्रुवारी १९३४ चा कौटुंबिक फोटो आपल्या अनेक घरांत आहे. त्यात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव आहेत आणि पुढे बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे.

काळे मांजर अपशकुनी, मांजर आडवे गेले की काम बिघडते, या समजुती धम्म स्वीकारलेल्या घरात टिकू नयेत. फोस्टरकडे एखादे काळे, कोपऱ्यात बसणारे पिल्लू मागे राहिले असेल तर त्याचाही विचार करावा. संविधानाच्या ५१ क या अनुच्छेदात, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत, प्राणिमात्रांविषयी दया आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही कर्तव्ये पाठोपाठ येतात. बुजऱ्या पिल्लाच्या बाबतीत या दोन्हींची गरज पडते. नुसती दया असेल तर आपण त्याला ओढून कुशीत घेऊ आणि चावा घेऊन बसू.

सगळे करूनही जमले नाही, तर लाज वाटून घेऊ नये. पिल्लू ज्या ताईकडून आणले तिच्याकडे परत द्यावे. उपाशी-तहानलेले राहील अशा ठिकाणी प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण परत देण्याआधी आणखी एक आठवडा जमिनीवर बसून पाहावे. बऱ्याचदा तेवढाच वेळ कमी पडलेला असतो.

जय भीम.