'बाहेरचाच निघाला ना!'

सकाळीच शेजारच्या काकू पेपर घेऊन आल्या. "पाहिलंस का गं? परप्रांतीय निघाला मेला! मला वाटलंच, आपल्याकडचा नसणार." मीही "हो ना" म्हटलं. कुकरची शिट्टी झाली, विषय संपला.

दुपारी धुणं वाळत घालताना मात्र ते मनात सलत राहिलं. आपल्याकडचा असला की बातमीत तो नुसता 'युवक'. बाहेरचा असला की त्याचं राज्य, देश, सगळं मथळ्यातच!

मैत्रिणींनो, सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबईत साकीनाक्याला अत्याचारानंतर एका बाईचा जीव गेला. आरोपी उत्तर प्रदेशातला. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी परराज्यांतून येणाऱ्यांची नोंद ठेवा, असं पोलिसांना सांगितलं. झालं, चर्चा तिकडेच वळली. रात्रीच्या रस्त्यावर बाई सुरक्षित का नाही, हा प्रश्न मागेच पडला.

आता आपल्याकडचं बघा. देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा. आज गडचिरोलीत आहे, पण १९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री तिथल्या पोलीस ठाण्यात एका कोवळ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी कोण? ठाण्यातलेच दोन पोलीस! सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिची संमतीच होती म्हणे!

बोट दाखवायला बाहेरचा कुणी नव्हता. मग दोष आला तो त्या मुलीवरच. देशभर खटला ओळखला गेला तोही तिच्याच नावाने. त्या शिपायांची नावं आज किती जणींना ठाऊक आहेत?

१९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातली बाई 'संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तेच धरून चालायचं. पीडितेचं नाव छापायलाही बंदी आली.

सरकारी गुन्हे नोंदी सांगतात, बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचाच असतो. आणि मी? "खाणकामगारांच्या चाळीकडून जाऊ नको," असं लेकीला रोज बजावत होते. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांबद्दल एक शब्द नाही!

त्या संध्याकाळी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "कुणीही असो बाळा, आपला असो की बाहेरचा, नको तसं वागला तर आधी मला सांग. मी तुला रागावणार नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. हे वाक्य तिने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं...