थंडीच्या रात्री आणि बिनमातीचा मळा

नाशिककरांना थंडीचे कौतुक कोणी सांगायला नको. निफाडकडे पारा उतरला की द्राक्षबागाईतदार रात्ररात्र जागून बागेत शेकोट्या पेटवतात, ही बातमी दर डिसेंबरात वर्तमानपत्रात येतेच. पण तिसऱ्या मजल्यावरच्या बंद गॅलरीत चाळीस लिटर पाण्यावर तरंगणाऱ्या भाजीचे त्या रात्री काय करायचे, हे कोणी छापत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

पाण्यावरची भाजी ही काही नवलाई राहिलेली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. गेरिक यांनी १९२९ च्या सुमारास मातीवाचून टोमॅटो वाढवून दाखवले आणि १९३७ साली या विद्येला 'हायड्रोपोनिक्स' हे नाव मिळाले. आपल्याकडे शोल्टो डग्लस या गृहस्थांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस थेट कलिंपाँगच्या डोंगरात हे प्रयोग केले. मला मात्र या विद्येकडे ओढले ते आमच्या आईने, आणि तेही तिच्या नकळत.

जुना वाडा पडला, तिथे इमारत उठायची ठरली आणि आई आमच्याकडे फ्लॅटमध्ये आली. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षे परसात हात घातलेली बाई. तिला माती हवी होती, आणि सोसायटीला गळती नको होती! कमिटीने कुंड्यांना सपशेल नकार दिल्यावर आई पंधरा दिवस खिडकीशी नुसती बसून राहिली. तिने जेवण कमी केले, बोलणे त्याहून कमी केले. तेव्हा हे प्लॅस्टिकचे टब, क्षारांच्या पुड्या, हवेचा छोटा पंप आणि वर दोन एलईडी दिवे आले. पालक, सॅलडचा पाला, दोन टोमॅटो. 'मळा' हे नाव तिनेच ठेवले. तुळस मात्र तिने पाण्यात लावू दिली नाही. ती आजही एका डब्यात मातीतच आहे, आणि कमिटीने तिच्याकडे काणाडोळा केला आहे.

दसऱ्यानंतर सगळे झकास चालले होते. डिसेंबरात टोमॅटोची पाने खालून जांभळी पडली आणि भर दुपारी, मुळे पाण्यात असताना, झाडांनी माना टाकल्या. "गेलं हे झाड," आई म्हणाली आणि पुन्हा खिडकीकडे जाऊन बसली. मला झाडापेक्षा त्या खिडकीची धास्ती जास्त वाटली.

एका परिचित दुकानदाराने स्फुरदाची जादा पुडी घालायला सांगितले. स्फुरद कमी पडले की पाने जांभळी होतात हे खरेच. पण ते टबात पुरेसे होते. मुळे गारठली की त्यांना ते उचलता येत नाही, आणि पाणीही नीट ओढता येत नाही. पहाटे साडेपाचला मी थर्मामीटर बुडवला. गॅलरीत बारा अंश, पाण्यात तेरा. ताटात अन्न आहे, पण जेवणाऱ्याची बोटे आखडली आहेत, असा तो प्रकार.

हिचे म्हणणे, गॅलरीत खोली तापवायचा हीटर ठेवावा. मी हिशेब मांडू लागलो तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, हवा काय तापवतोस? आमच्याकडे माहेरी थंडीत पहाटेच मोट चालू करायचे. विहिरीचं पाणी कोमट असतं, वाफा निघतात त्याच्या."

बरोबर तेच! जमिनीच्या पोटातले पाणी रात्रीच्या हवेइतके गार होत नाही. हवा झटकन तापते आणि झटकन निवते. पाणी ऊब घ्यायलाही कुरकुरते आणि सोडायलाही. तेव्हा मुळांपुरते पाणी सांभाळले की निम्मे काम झाले. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. चाळीस लिटर पाच अंशांनी चढवायचे तर दोनशे. आणि विजेचे एक युनिट म्हणजे आठशे साठ. पाव युनिटाचा मामला. अर्थात ऊब रात्रभर निसटत राहते, ती आधी अडवली पाहिजे.

गारठा सर्वांत जास्त फरशीतून येतो. टब दोन लाकडी पाटांवर चढवले, खाली थर्मोकोल घातला, भोवती गोणपाट आणि त्यावर आईची एक विटकी गोधडी. रोपे ज्या थर्मोकोलच्या तक्त्यात बसतात, त्याच्या कडेच्या फटी बुजवल्या. (गोधडी ओली झाली तर तिचा उपयोग शून्य, हे ध्यानात असू द्यावे.) ज्यांच्याकडे नळ्यांतून पाण्याची बारीक धार खेळवण्याची पद्धत आहे, त्यांना हे अवघड जाते, ती धार गार हवेतून फिरते आणि सारे पाणी निववते. नळ्याही गुंडाळाव्या लागतात. थंड गावात टबच बरा.

मग प्रत्येक टबात मत्स्यपेटीत वापरतात तो शंभर वॅटचा, आपोआप बंद होणारा हीटर, अठरा अंशांवर लावून. रात्रीत अर्धे युनिटसुद्धा खात नाही. पंचवीसवर लावण्याचा मोह कोणी करू नये. पाणी जितके ऊन, तितका त्यात प्राणवायू कमी मुरतो. दहा अंशांना लिटरमागे अकरा मिलिग्रॅम, तर पंचविसाला जेमतेम आठ. वर कोमट पाण्यात मुळे कुजवणारी बुरशी फोफावते. हवेचा पंप रात्रीही चालूच हवा. आणि हात पाण्यात घालण्यापूर्वी हीटरची पिन काढलीच पाहिजे, हीटर पाण्याबाहेर उघडा राहता कामा नये, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच नसेल तर या वाटेला जाऊच नये. घरात म्हातारी माणसे आणि मुले असली की हे दोनदा सांगावे लागते. मी चारदा सांगितले.

एवढ्याने पालक आणि सॅलड आठवड्यात तरारले. ती मुळात थंडीला भिणारी नव्हेतच. टोमॅटोचे दुखणे वेगळे. रात्रीची हवा बारा-तेरा अंशांखाली गेली की त्याचे पराग नीट धरत नाहीत, फूल गळते. मुळे उबेत असली तरी! यावर तोडगा निघाला तो दिव्यांचा. आमच्या गॅलरीसमोर शेजारची भिंत, ऊन असे येतच नाही. तेव्हा झाडांचा दिवस मी रात्री केला. संध्याकाळी सातला दिवे लागतात, सकाळी सातला मालवतात. दिवसा जाड पडदा ओढून अंधार. दिव्यांची जी काय थोडी ऊब असते, ती ऐन गारठ्यात कामी येते. पडद्याआड दोन अंशांचा फरक पडतो. अंधार मात्र टोमॅटोला हवाच. चोवीस तास उजेडाने त्याची पाने पिवळी पडतात. सकाळी काचेवर दव साचते, म्हणून एक छोटा पंखा तासभर फिरवतो, नाहीतर बुरशी धरते.

पहिल्या आठवड्यात खालचा वॉचमन विचारायला आला, रात्रभर गॅलरीत जांभळट उजेड कसला? आईने त्याला वर बोलावून सगळा मळा दाखवला, मोटेच्या गोष्टीसकट, आणि जाताना पालकाची जुडी दिली.

टोमॅटोच्या दोन झाडांपैकी एक गेलेच. दुसऱ्याला जानेवारीअखेर सात फळे धरली. त्यांचा भाव हिने खर्च भागून काढला, तो इथे सांगत नाही. आई पहाटे उठते, थर्मामीटर वाचते आणि आकडा कॅलेंडरवर त्या त्या तारखेखाली लिहून ठेवते. यंदा तिला वांगी हवी आहेत. वांग्याला थंडी टोमॅटोपेक्षाही सोसत नाही, हे मी तिला सांगून पाहिले; तिने बी भिजत घातले आहे.